वायफायचा चोर

“पण सर, चोर घरातलाच असेल, तर पासवर्ड बदलून उपयोग काय?”

तडवी सरांनी मान वर केली नाही. अंगणातल्या कडुनिंबाखाली ते बाज विणत बसले होते. सुतळीचा एक फेर ओढला, अंगठ्याने दाबून बसवला, पुढचा घेतला.

“कोणाच्या घरातला?”

“आमच्याच. म्हणजे… पलीकडच्या भागातला.”

“आमच्याच की पलीकडचा?”

निशिकांत फिरके जरा अडखळला. एवढा साधा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता.

हुसेन रुबाब तडवी आयटीआयमध्ये एकतीस वर्षं वायरमनचं काम शिकवून निवृत्त झाले आणि सातपुड्याच्या पायथ्याशी आपल्या जुन्या वस्तीवर येऊन राहिले. फैजपूर, सावदा, यावल, कुठून कुठून माणसं बंद पडलेल्या वस्तू घेऊन त्यांच्याकडे येत. सर वस्तूला हात फार कमी लावत. प्रश्न विचारत. बऱ्याचदा उत्तर देता देताच माणूस मध्येच गप्प होई, वस्तू उचलून गाडीवर ठेवी आणि घरी जाई.

निशिकांत त्यांचाच विद्यार्थी. एकेकाळचा वर्गातला पहिला नंबर. पुढे डिप्लोमा केला, मग पदवी घेतली. आता पुण्याच्या एका कंपनीसाठी वीज उपकेंद्रांचे नकाशे काढायचा, तेही फैजपूरच्या घरात बसून. अठरा वर्षांत तो सरांकडे फिरकला नव्हता. आज रविवारी गाडी काढून आला होता, तोही काही शिकायला नव्हे. आपलं बरोबर आहे याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. कोणा जाणत्या माणसाने ते मोठ्याने म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं.

त्याने लॅपटॉप उघडून सरांच्या पुढ्यात धरला.

“शंभरची लाइन आहे, सर. मला मिळतात चार. कधी तीन. नकाशा पाठवायला घेतला की अर्ध्यावर तुटतो. मीटिंगमध्ये माझा आवाज फाटतो. साहेबांनी सांगितलंय, महिनाभरात सुधारलं नाही, तर घरून काम बंद. पुण्याला या.”

“मग जा पुण्याला.”

“हर्षलाची शाळेतली नोकरी इथे आहे. घर इथे आहे.”

“आणि चोरही इथे आहे.”

सर हसले नाहीत. त्यामुळे निशिकांतला ते आपल्याच बाजूने बोलले असं वाटलं.

“तेच सांगायला आलोय. ही यादी बघा. राउटरला कोण कोण जोडलं जातं, ते यात दिसतं. मी रोजच्या रोज फोटो काढून ठेवलेत. हे नाव वाचा.”

सरांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला.

“रमाकांत.”

“माझा मोठा भाऊ. दीड वर्षापूर्वी गेला. बसल्या जागी गेला… आणि त्याचा फोन रोज सकाळी माझ्या वायफायला जोडला जात होता.”

सरांनी सुतळीचा पुढचा फेर ओढला.

“कोण वापरतं तो?”

“केतकी. त्याची मुलगी. बारावीला आहे. वैजयंता वहिनी आणि ती, दोघीच असतात पलीकडे. मी पासवर्ड बदलला. चौथ्या दिवशी यादीत पुन्हा रमाकांत. पुन्हा बदलला. पुन्हा रमाकांत. तीनदा झालं हे, सर! कोणी दिला त्यांना? मी तर कोणाला सांगितला नाही. घरात एकदा हर्षलाच्या फोनमध्ये घालून दिला, तेवढाच. वहिनी दिसायला साध्या आहेत, पण…”

“पण?”

“माणूस इतका साधा असू शकत नाही.”

सरांनी सुतळीला गाठ मारली.

“मग काय केलंस?”

“बोललो. अंगणात उभा राहून बोललो. चार लोकांना ऐकू जावं म्हणून मोठ्यानेच बोललो. दुसऱ्या दिवशी वहिनींनी मुलीला भुसावळला मामाकडे पाठवून दिलं. अभ्यासाला.”

“फोनसकट?”

“फोनसकट.”

“कधी?”

“एकोणीस दिवस झाले.”

“मग वेग वाढला?”

निशिकांतने लॅपटॉपचं झाकण थोडं खाली केलं.

“…नाही.”

“चारच?”

“चारच. परवा तर तीन.”

“मग?”

निशिकांत बाजेच्या चौकटीजवळ सरकला. आवाज खाली आणला. वस्तीत त्या वेळी एक कोंबडी सोडली तर कोणी नव्हतं, तरी त्याने एकदा मागे वळून पाहिलं.

“म्हणजे अजून कोणीतरी आहे, सर. यादीत दिसतसुद्धा नाही, इतका हुशार.”

सरांचे हात पहिल्यांदाच थांबले. त्यांनी निशिकांतकडे पाहिलं.

मग सुतळीचा गुंडा बाजेवर ठेवला, धोतराला लागलेली सुतळीची तुसं झटकली आणि उठले.

“गाडीत जागा आहे?”

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच्या बागा होत्या. सर खिडकीतून बाहेर पाहत होते आणि निशिकांत बोलत होता. समोरचा औषधांचा दुकानदार हल्ली उगाच हसून नमस्कार करतो. पाण्याचं मशीन दुरुस्त करायला आलेल्या माणसाने ‘राउटर कुठे आहे’ असं विचारलं होतं. त्याला काय करायचंय? मागच्या गल्लीतल्या एका घराच्या गच्चीवर नवीन काहीतरी गोल लावलंय. लोक म्हणतात डिश आहे, पण डिश आहे की अजून काही, कोणी चढून पाहिलंय?

सांगता सांगता त्याला हुरूप चढत होता. सर आपल्यासोबत येत आहेत, म्हणजे प्रकरण खरं आहे.

सरांनी पूर्ण रस्त्यात एकच विचारलं.

“पहिल्यांदा हळू कधी झालं?”

“सोमवार. दसऱ्यानंतरचा. अकरा आठवडे झाले.”

सरांनी मान हलवली आणि पुन्हा बागांकडे पाहू लागले.

घर निशिकांतच्या वडिलांनी बांधलेलं, एकाच जोत्यावर दोन भावांसाठी दोन सारखे भाग. अंगण एक, फाटक एक. मधल्या खोल्यांच्या भिंतीत एक दार, इकडून तिकडे जायला. हर्षलाने सरांना पाणी दिलं. निशिकांतला मात्र धीर नव्हता. त्याने बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर लॅपटॉप ठेवला, वेग मोजून दाखवला.

“चार. बघा.”

सरांनी खिशातून पेन्सिलीचा तुकडा काढला, टेबलावरचं वर्तमानपत्र उचलून त्याच्या कोऱ्या कडेवर चार लिहिले.

“राउटर कुठे?”

“आत.”

“आत कुठे?”

निशिकांतने त्यांना निजायच्या खोलीत नेलं. माळ्यावर दोन लोखंडी ट्रंका होत्या. त्यांच्या मागे, भिंतीला टेकून, राउटर.

“इथे का ठेवलास?”

“आधी मधल्या खोलीत होता. दाराच्या वरती. रमाकांतने बसवला होता, दोन्हीकडे मिळावं म्हणून. लाइन त्यानेच घेतलेली. मी इकडे हलवला.”

“का?”

“त्या बाजूला पोचू नये म्हणून.”

“पोचत नाही?”

“पोचतं. पण कमी.”

“आणि तुझ्या टेबलापर्यंत?”

सर परत फिरले. जाताना त्यांनी बोटाच्या पेराने भिंत वाजवली. एक. मधल्या खोलीची वाजवली. दोन. बाहेरच्या खोलीची वाजवली. तीन. मग मागे येऊन, टाचा उंचावून, ट्रंकेवर टकटक केलं.

“सर, तीन भिंतींनी शंभराचे चार होत नाहीत,” निशिकांतच्या आवाजाला धार आली. “मी इंजिनिअर आहे.”

“मी वायरमन आहे. भिंती मोजतो.”

त्यांनी त्याला लॅपटॉप घेऊन माळ्याखाली उभं राहायला सांगितलं. आकडा फिरला, थांबला. एकतीस.

“चाराचे एकतीस झाले,” हर्षला दारातून म्हणाली.

“पण शंभर नाही झाले!” निशिकांत तिच्याकडे न बघता म्हणाला. “राउटर डोक्यावर आहे, मध्ये भिंत नाही, तरी एकतीस. बाकीचे एकोणसत्तर कुठे जातात? कोणीतरी नेतंय ना?”

“नेतंय,” सर म्हणाले.

निशिकांतने मोठा श्वास सोडला. अकरा आठवड्यांत हा शब्द त्याला पहिल्यांदा दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला मिळाला होता.

“घरातलं सगळं बंद कर,” सर म्हणाले.

टीव्ही बंद झाला. हर्षलाचा फोन बंद झाला, त्याचा स्वतःचा झाला. पुन्हा मोजलं. बत्तीस.

“बघितलंत? आमचं काहीच चालू नाही. तरी बत्तीस!”

“सगळं बंद केलंस?”

“सगळं.”

सर मधल्या खोलीच्या दारात उभे होते. त्यांनी हनुवटी किंचित वर केली. कोपऱ्यात, छताजवळ, लाल ठिपका चमकत होता.

“तो काय?”

“कॅमेरा.”

“तो चालू आहे.”

“तो सुरक्षेसाठी आहे, सर. तो बंद करायचा नसतो.”

“असे किती?”

“चार. फाटकावर एक, अंगणात एक, ओट्यावर एक, आणि हा आतला.”

“त्यांना दिसलेलं कुठे जातं?”

“कॅमेऱ्याच्या कंपनीकडे साठतं. चोवीस तास वर चढत राहतं. म्हणजे उद्या कोणी कॅमेरा फोडला, तरी आपल्याकडे सगळं…”

तो थांबला. कितीही झालं तरी इंजिनिअर होता.

“कशावरून चढतं?” सरांनी विचारलं.

निशिकांतने खिशात हात घातला. फोन पुन्हा चालू केला, कॅमेऱ्यांचं ॲप उघडलं आणि फाटकावरचा कॅमेरा बंद केला. लॅपटॉपवर आकडा फिरला. शेहेचाळीस.

अंगणातला बंद केला. एकसष्ट.

ओट्यावरचा. अठ्ठ्याहत्तर.

आतल्या कॅमेऱ्यावर त्याचं बोट तसंच राहिलं. हा कॅमेरा त्याने सगळ्यात शेवटी लावला होता, मधल्या दाराकडे तोंड करून. यात काही दिसलं तर पक्कंच दिसणार होतं.

“बंद करता येत नाही?” सरांनी विचारलं. “की करवत नाही?”

त्याने बोट टेकवलं. कोपऱ्यातला लाल ठिपका विझला.

त्र्याण्णव.

सरांनी वर्तमानपत्राच्या कडेवर त्र्याण्णव लिहिले आणि पेन्सिल खिशात ठेवली.

एखाद्याला बरं वाटलं असतं. निशिकांतला वाटलं नाही. पायाखालचं काहीतरी सरकतंय, ते धरून ठेवलं पाहिजे, असं त्याला झालं.

“पण सर, कॅमेरे मी नंतर लावले! राउटरही नंतर हलवला. आधी वेग कमी झाला, म्हणून तर हे सगळं केलं. दसऱ्यानंतरच्या सोमवारी घरात काहीच नव्हतं. तेव्हा कोण नेत होतं?”

सर हर्षलाकडे वळले. त्यांनी तिला काही विचारलं नाही. नुसतं पाहिलं.

“दसऱ्यानंतरच्या सोमवारी बसस्टँडकडे खोदकाम चाललं होतं,” हर्षला म्हणाली. “केबल तुटली होती. सगळ्या गल्लीचं नेट हळू होतं. गुरुवारी जोडून दिली त्यांनी.”

“तू मला सांगितलं नाहीस.”

“सांगितलं होतं. तुम्ही तेव्हा स्टुलावर चढून राउटर काढत होतात. म्हणालात, ‘तुला कोणी सांगितलं? तिकडच्यांनी?’”

निशिकांतने बोटांवर वार मोजले.

गुरुवारी… म्हणजे चौथ्याच दिवशी सगळं सुरळीत झालं होतं. पुढचे अकरा आठवडे…

त्याला तो विचार पुरा करवेना. म्हणून त्याने दुसरा धरला.

“आणि पासवर्ड? तो तरी कोणीतरी दिलाच ना?”

“मी दिला,” हर्षला म्हणाली.

“तू?”

“मी.”

“तीनदा?”

“तीनदा. पोरगी जुन्या प्रश्नपत्रिका उतरवून घ्यायची. भाऊजींनी लाइन घेतली होती ती तिच्याच शिक्षणासाठी म्हणून. तिने मागितला नाही माझ्याकडे. मीच दिला. तुम्ही अंगणात बोललात, त्या दिवशी मी बाहेर येऊन सांगायला हवं होतं… नाही आले. मला तुमची भीती वाटली.”

निशिकांत बायकोकडे बघत राहिला. अकरा आठवडे तो गच्चीपासून फाटकापर्यंत माणूस शोधत होता आणि ती दोन वेळा त्याला ताट वाढत होती.

“म्हणजे तूसुद्धा…”

“निशिकांत,” सर मध्येच म्हणाले. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून आपला फोन काढला होता, काच तडकलेला. “पासवर्ड सांग.”

“कशाला, सर?”

“जोडायचाय.”

निशिकांतने तोंड उघडलं. आणि त्याच्या तोंडून शब्द आला नाही.

सर फोन धरून उभे होते. हर्षला पाहत होती.

“द्या, मी घालतो,” तो शेवटी म्हणाला.

त्याने फोन घेतला आणि अक्षरं दाबू लागला. चौथ्या अक्षराला त्याच्या लक्षात आलं, की आपला डावा तळहात फोनवर आडवा धरलेला आहे. सरांना दिसू नये म्हणून.

त्याने हात बाजूला घेतला. मान वर करून बघायचं धाडस त्याला झालं नाही. उरलेली अक्षरं त्याने उघड्या फोनवर दाबली, एकेक करून, आणि फोन परत दिला.

“बारावीची एक प्रश्नपत्रिका काढून दे मला,” सर हर्षलाला म्हणाले.

तिने शोधून दिली. ती सरांच्या फोनवर उतरत असताना तिघंही लॅपटॉपकडे पाहत होते. त्र्याण्णवाचे ब्याण्णव झाले. पुन्हा त्र्याण्णव.

“एवढंच नेत होती,” सर म्हणाले.

निशिकांत पलंगाच्या कडेवर बसला.

“इतके आठवडे पाहिलंस कॅमेऱ्यात?”

“रोज.”

“काय दिसलं?”

सांगण्यासारखं काय होतं? वहिनी दोरीवर कपडे वाळत घालताना. वहिनी अंगणवाडीला जाताना, अंगणवाडीतून येताना. केतकी सायकलची चेन बसवताना. फाटकावर बसलेलं मांजर. त्यातलं एकच चित्रण त्याने वेगळं काढून ठेवलं होतं. त्याला नावही दिलं होतं: पुरावा. ते त्याने सरांना दाखवलं.

ओट्यावर वैजयंता वहिनी येतात. हातात ताट, वर फडकं. दार वाजवायला हात वर करतात. तेवढ्यात कॅमेरा दिसतो. हात तसाच राहतो. त्या कॅमेऱ्याकडे बघतात… मग पदर सारखा करतात आणि मागे वळून निघून जातात.

“कॅमेरा दिसल्याबरोबर परत फिरल्या,” निशिकांत म्हणाला. हे वाक्य त्याने मनाशी इतक्यांदा म्हटलं होतं, की ते आपसूकच बाहेर पडलं. “मनात काही नसतं, तर…”



“ताटात काय होतं?” सरांनी विचारलं.

“दिसत नाही. झाकलेलं आहे.”

“भरीत,” हर्षला म्हणाली. “पहिल्या वांग्यांचं. दर हिवाळ्यात ताई आधी आपल्याकडे पाठवतात, मग स्वतः जेवतात. भाजल्याचा वास इथपर्यंत आला होता त्या दिवशी. मी भाकरी टाकून वाट बघत होते.”

निशिकांतने चित्रण पुन्हा पहिल्यापासून लावलं. आजवर वीसेकदा तरी पाहिलं असेल. दर वेळी तो त्यांचा चेहरा बघायचा, डोळे कुठे जातात ते बघायचा. आज त्याला हात दिसला. दार वाजवायला वर गेलेला आणि कुठे ठेवावा ते न कळलेला.

त्याने फोन पालथा ठेवला.

पुढचं काम कोणी सांगावं लागलं नाही. त्याने स्टूल आणलं, ट्रंका सरकवल्या, राउटर खाली काढला. मधल्या खोलीच्या दारावर रमाकांतने मारलेले दोन खिळे अजून तसेच होते. त्यांवर तो अडकवला. मग एकेक करून बाहेरचे तिन्ही कॅमेरे उतरवले आणि आतला चौथा. सर ओट्यावर चहा पीत बसले होते. त्यांनी मदत केली नाही, सूचना केली नाही.

टेबलावर बसून त्याने वेग मोजला. अठ्ठ्याऐंशी. आठवडाभर अडकलेला नकाशा पाठवायला लावला. तो चहा संपायच्या आत पुण्याला पोचला. त्याला आनंद झाला नाही. काम झालं, एवढंच झालं.

त्याने भुसावळला फोन लावला. केतकीने उचलला नाही. मग त्याने मामांना लावला, आणि जे अंगणात मोठ्याने बोलला होता, ते आपण खोटं बोललो, असं त्यांना सांगितलं. “पोरीला सांगतो,” मामा म्हणाले आणि फोन ठेवला. केतकी परीक्षा देऊनच घरी आली, तीही आली ती पलीकडच्या भागात. काकाशी पहिल्यासारखं बोलायला तिला त्याहूनही बरेच महिने लागले. पण ते सगळं पुढचं.

त्या दिवशी फोन ठेवल्यावर निशिकांत ओट्यावर सरांपाशी आला.

“सर, तुम्हाला वस्तीवरच कळलं होतं ना? तिथेच का नाही सांगितलं?”

“सांगितलं असतं, तर ऐकलं असतंस?”

त्याने प्रामाणिकपणे विचार केला.

“नाही. वहिनींनी तुम्हाला आधीच गाठलंय, असं वाटलं असतं.”

सरांनी बशीतला चहा फुंकला. निशिकांत खालीच पायरीवर बसला, वर्गात बसायचा तसा.

“वहिनींशी बोलायचं आहे,” तो म्हणाला. “काय बोलू?”

सर काही बोलले नाहीत.

“अंगणातून जाऊ? गल्ली बघेल.”

सर काही बोलले नाहीत.

“नको. आतूनच जातो. मधल्या दाराने. रमाकांत असताना आम्ही तिथूनच जायचो.”

तो उठला. हर्षलाही मागे आली. सर कप हातात घेऊनच मधल्या खोलीच्या उंबऱ्याशी येऊन थांबले.

दारावर जाड पडदा होता. निशिकांतने तो अर्धवट बाजूला केला. घसा साफ केला.

“वहिनी…”

पलीकडे भांडी घासल्याचा आवाज येत होता. तो थांबला.

“वहिनी, मी निशिकांत. माझं चुकलं. उघडता का जरा?”

काही नाही. मग पावलं ऐकू आली, अगदी दारापर्यंत आलेली. बांगड्या वाजल्या. पुन्हा काही नाही…

त्याने दार ढकललं. हललं नाही. पुन्हा, जरा जोराने ढकललं. तेवढंच.

तो मागे वळला. चेहरा पडला होता, पण डोळ्यांत सकाळचंच काहीतरी परत आलं होतं. सरांच्या कानाशी येऊन तो हलक्या आवाजात म्हणाला, “आहेत आत. दारापाशीच उभ्या आहेत. ऐकलंय सगळं. मुद्दाम उघडत नाहीयेत.”

सरांनी चहाचा शेवटचा घोट घेतला. कप हर्षलाच्या हातात दिला. मग दुसऱ्या हाताने पडदा पूर्ण बाजूला सारला.

“निशिकांत… कडी तुझ्या बाजूने आहे.”